एकाने चाकू चालवला तर अख्ख्या समाजाला काहून धरता?

बातमी आली की कुठे झालं, कोण गेलं हे सगळं नंतर, आधी मारणाऱ्याचं आडनाव बघायचं ही आपल्याकडची सवय झालीय. आडनाव आपल्यातलं निघालं तर "डोकं फिरलं असेल, दारू प्यायला असेल", आणि दुसऱ्यांतलं निघालं की लगेच "हे लोक असेच, यांच्या रक्तातच आहे". मला याचा खरंच राग येतो. आज जरा सविस्तर लिहिते.

१६ एप्रिल २००७ ला अमेरिकेत व्हर्जिनिया टेक युनिव्हर्सिटीत एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून मारलं आणि मग स्वतःलाही संपवलं. पोरगा जन्माने दक्षिण कोरियाचा, पण आठ वर्षांचा असताना अमेरिकेत आलेला, शाळा-कॉलेज सगळं तिथलंच. तरी तिथले कोरियन लोक धास्तावून गेले की आता आपल्यावर येणार, त्यांच्या राजदूताने तर पश्चात्ताप म्हणून ३२ दिवस उपास करायचं सुचवलं. का बरं? त्यांनी काय केलं होतं? उलट या मुलाकडून त्याच्या स्वतःच्याच जिवाला धोका आहे असं २००५ मध्ये तिथल्या कोर्टानेच म्हटलेलं, उपचार घे असा आदेश होता, आणि तरी त्याला दुकानात बंदुका विकत मिळाल्या. संस्कृती-संस्कृती करत बसलं की हे असे खरे प्रश्न बाजूला पडतात, बंदूक कोणी विकली, उपचार झाले की नाही हे कोणी बघितलं का, सगळं सुटून जातं. त्या ३२ जणांत तामिळनाडूत जन्मलेले प्रा. लोगनाथनही होते, वर्गात शिकवत होते.

आणि अमेरिका कशाला, आपल्याच महाराष्ट्रात बघा ना. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना मारणारा नथुराम गोडसे ब्राह्मण होता, एवढ्यावरून सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जाळली, दुकानं जाळली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ पेटवला. आपल्या नागपुरातही दगडफेक झाली. आमच्या शेजारच्या आजींचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, त्या सांगायच्या की जाळायला आलेल्यांत रोज घरी ताक न्यायला येणारे चेहरे होते, आणि ज्यांनी रात्रभर यांना गोठ्यात लपवून ठेवलं तेही त्याच गावचे, त्याच जातीचे. आता सांगा, त्या जातीला काय म्हणायचं, जाळणारी की वाचवणारी? मला तरी याचं उत्तर माणूस बघूनच देता येतं. खटला चालला, गोडसेला १५ नोव्हेंबर १९४९ ला फाशी झाली, गुन्हा ज्याचा शिक्षा त्याला, पण ज्यांचं घर जळलं त्यांना कोणत्या कोर्टाने दोषी ठरवलं होतं?

पारध्यांचं तर याहून वाईट, त्यांच्या बाबतीत सरकारनेच हे कायद्यात लिहून टाकलं. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, म्हणजे चोरी एकाने केली की अख्खी जमात जन्मापासून चोर, पोलिसात हजेरी द्या, गाव सोडायचं तर परवानगी घ्या. १९४७ ला देश स्वतंत्र झाला, यांच्यावरचा हा शिक्का निघायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. आणि कागदावरचाच निघाला बरं का. विदर्भात आजही गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, पोलिसांची गाडी जाते.

हे सगळं आज आठवायचं कारण आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. गेल्या महिन्यात शहरात एक खून झाला, आरोपी बाहेरच्या प्रांतातला (कुठला ते मी लिहिणार नाही, त्याचा इथे काही संबंधच नाही), आणि रात्रीतून मेसेज सुरू, की "त्या लोकांना" फ्लॅट भाड्याने देऊ नका, जे आहेत त्यांना काढा. तिसऱ्या माळ्यावर त्याच प्रांतातलं एक जोडपं राहते, तो बुटीबोरीला कंपनीत शिफ्ट करतो, ती मुलांच्या ट्यूशन घेते, आणि तिच्याचकडे ज्यांची पोरं शिकतात ते लोक पण अंगठे दाखवून राहिले होते. ती दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटली तर म्हणाली, "ताई, हम क्या करें?" मला काही बोलता आलं नाही, इतकी लाज वाटली.

आता कोणी म्हणेल, मग समाजाला कधीच प्रश्न विचारायचा नाही का? विचारायचा, नक्की विचारायचा. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं, ते काही एका माथेफिरूचं काम नव्हतं, जमाव होता. आठ जण दोषी ठरले, त्यातल्या सहा जणांची फाशी हायकोर्टाच्या इथल्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये जन्मठेपेत बदलली, आणि ॲट्रॉसिटीचं कलम कोर्टात टिकलंच नाही. तिथे जातीचा प्रश्न विचारायलाच पाहिजे, कारण लोक एकत्र आले, कोणी हात उचलला, कोणी बघत उभं राहिलं, नंतर कोणी तोंड उघडलं नाही. पण तिथेही जाब द्यायचाय तो ज्याने केलं, ज्याने साथ दिली, ज्याने लपवलं त्याने, आणि जो त्याचा सत्कार करतो त्याने. पुण्यात शिकणाऱ्या त्याच आडनावाच्या एखाद्या पोरीने नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी लेखी देणार आहे. पोलीस व्हेरिफिकेशन करायचं तर सगळ्या भाडेकरूंचं करा, माझ्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या धरमपेठच्या पोट्ट्यांचंही करा. पण प्रांत बघून कोणाला घर खाली करायला सांगितलं तर त्या ठरावावर माझी सही नसेल, आणि विरोध केला म्हणून माझं नाव मिनिट्समध्ये लिहा असंही सांगणार आहे.