यानाआधी खडी

शाळेत बोलावलं की, नाहीतर लग्नाच्या पंगतीत, प्रश्न ठरलेला असतो: "सर, तुमच्या कथांत यानं प्रकाशाच्या पुढं पळतात. हे सुरू कुठून झालं? शोधलं कोणी?" कथांत मी ते कधी धड सांगितलेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

सुरुवात औंढ्याला झाली. औंढा नागनाथाची गोष्ट आमच्या हिंगोलीकडं लहान लेकरालाही ठाऊक असते. नामदेव महाराज देवळापुढं कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी उठवलं, तसे ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. तर देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. नंदी तेवढा राहिला, तो अजून मागंच आहे. लहानपणी मला एकच शंका होती: एवढं दगडी देऊळ गर्रकन फिरलं, तर गाभाऱ्यातल्या तांब्यातलं पाणी सांडलं नसेल का?

सांडलं नसणार. हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकोच्या भौतिकशास्त्रज्ञानं १९९४ साली एक गणित मांडलं. अवकाशातून धावताना सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर ही प्रकाशाच्या वेगाची हद्द कोणालाच ओलांडता येत नाही. पण खुद्द अवकाशाच्या ताणण्या-आक्रसण्याला ती हद्द लागू नाही. मग यानापुढचं अवकाश आक्रसायचं, मागचं फुगवायचं, यान मधल्या बुडबुड्यात जागच्या जागी. आतल्याला हिसका बसत नाही, तांब्या हिंदकळत नाही. मी तो लेख वाचला आणि म्हटलं, हे तर देऊळ फिरलं!

(अवकाश ताणलं जातं ही थाप नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या दोन यंत्रांनी तसा थरार पकडला. त्यांचं भारतातलं भावंड, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचं, औंढ्याजवळच व्हायचं आहे. हा योगायोग मी कथेत घातला असता तर संपादकांनी खोडला असता.)

अडचणी मात्र आहेत. बुडबुड्याला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते, आणि सुरुवातीच्या हिशोबांत ती दिसणाऱ्या सगळ्या विश्वाच्या वस्तुमानापेक्षा जास्त निघाली. कथालेखक म्हणून तिथं मी डोळे मिटले. दुसऱ्या अडचणीनं मात्र झोप घालवली. प्रकाशाच्या पुढं गेलं की यानातून पाठवलेला इशारा बुडबुड्याच्या पुढच्या काठापर्यंत पोचतच नाही. म्हणजे आत बसून तो चालवता येत नाही. वाटेवरची तयारी कोणीतरी आधी करून ठेवायला हवी, तीही प्रकाशापेक्षा हळू जाऊन.

कोणीतरी म्हणजे कोण?

उत्तर घरातच होतं. १९७२ च्या दुष्काळात माझ्या मायनं दुष्काळी कामावर खडी फोडली. मी तिथंच झाडाला बांधलेल्या झोळीत. मिलोची भाकर, सुकडी, आणि संध्याकाळी मुकादमाची हजेरी. त्या रस्त्यावरून पुढं एसटी सुरू झाली. तिकिटाला पैसे नसत, म्हणून माय कित्येक वर्षं त्याच रस्त्यानं पायी बाजाराला जायची.

तर माझ्या विश्वात प्रकाशापुढची पहिली झेप कोणा वैज्ञानिकाची नाही. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. प्रकाशाच्या एक दशांश वेगानं निघालेली एक टोळी ४२ वर्षं वाटेवर अवकाश आक्रसणारी-फुगवणारी यंत्रं पेरत जाते. तिला 'खडीवाले' म्हणतात. जाताना तरुण, पोचताना म्हातारे, आणि काही पोचतच नाहीत. त्यांच्यामागून सुटलेलं यान मात्र दुपारच्या जेवणाला तिकडं असतं.

चलाख पोरं पुढचं विचारतात, मग भूतकाळातही जाता येईल? येईल, उलट दिशेची दुसरी अशी वाट टाकली तर. एकट्या वाटेनं काळाचा घोळ होत नाही, दोन झाल्या की होतो. म्हणून माझ्याकडं कायद्यानं सिंगल लाईन. पूर्णा–अकोला गाडीत क्रॉसिंगला ताटकळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

खडीवाल्यांची कथा मी मायला वाचून दाखवली. तारे, बुडबुडा, सगळं तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "आन् त्या लोकायला हजेरी किती होती रं?"

ते मी लिहिलंच नव्हतं. कथा पुन्हा काढली आहे. आता पहिल्या पानावर मुकादम आहे आणि त्याच्या हातात हजेरीची वही.