आमची वाटचाल : रविवारचे अपडेट

2012 साली पुण्यात कर्वेनगरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघांनी भोसरी एमआयडीसीतल्या जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्याच्या मालावर मजुरीने काम करणाऱ्या वर्कशॉपसाठी चलन (मालासोबत पाठवायचा कागद) आणि बिलांचे सॉफ्टवेअर करायला घेतले. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आल्याचा हिशेब ठेवणे भाग पडले आणि आमचे ग्राहक दीडशेवरून सहाशेवर गेले. त्या जोरावर 2019 मध्ये सहा कोटींची गुंतवणूक मिळाली. अट एवढीच, की सीईओ एखाद्या बड्या तंत्रज्ञान कंपनीतला हवा.

आलेले गृहस्थ हुशार होते आणि सज्जनही, हे आधीच नमूद करतो. परंतु त्यांच्या जुन्या कंपनीत नाव, ग्राहक आणि विक्रीची यंत्रणा ते रुजू होण्याआधीपासून उभी होती, त्यामुळे लाखो वापरकर्त्यांना पेलेल अशी प्रणाली बांधणे हेच त्यांना पहिले काम वाटले. बाणेरला कार्यालय झाले, अकरा इंजिनिअर आले आणि वर्कशॉपमध्ये जाऊन बसणाऱ्या आमच्या मुलांना तक्रारींचे तिकीट नोंदवायला बसवले.

एका रविवारी सकाळी एका कारखानदारांचा मला फोन आला : ‘‘साहेब, टेम्पो भरून गेटवर उभा आहे आणि तुमचं चलन निघत नाहीये.’’ शेवटी त्यांनी कपाटातले जुने चलनबुक काढून कार्बन घालून हाताने चलन लिहिले. रविवारी वापर कमी असतो, या जुन्या कंपनीतल्या अनुभवावरून सॉफ्टवेअरचे अपडेट त्या दिवशी ठेवले होते. भोसरीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे आमच्या सपोर्टच्या कोणत्याही मुलीने सांगितले असते, पण तिला विचारायची पद्धतच उरली नव्हती.

हे आमच्याच वाट्याला आले असे नाही. गुगलमध्ये अँड्रॉइड सांभाळलेले अँडी रुबिन यांच्या ‘इसेन्शियल’ या फोन कंपनीने सुमारे 33 कोटी डॉलर उभे केले, एकच फोन बाजारात आणला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये काम थांबवले. उलट, 2007 मध्ये फ्लिपकार्ट काढणारे दोघे बन्सलही ॲमेझॉनमधूनच बाहेर पडले होते. मात्र ते तिथे इंजिनिअर होते आणि सुरुवात त्यांनी पुस्तके विकून केली. आमच्याकडे पैसा नसता, तर चूक पहिल्या तिमाहीतच अंगाशी आली असती. तो होता म्हणून ती दीड वर्ष झाकली गेली.

2021 मध्ये आम्ही आणि ते सीईओ सामोपचाराने वेगळे झालो आणि बाणेरची जागा सोडली. सपोर्टची माणसे आता भोसरीतच बसतात आणि अपडेट बुधवारी रात्री बारानंतर चढते.