लाइट जायची म्हणून लपलेली चूक

विद्यापीठात पीएच.डी. करताना माझं काम एकच: प्रोग्रॅम न चालवता त्यातल्या चुका शोधायच्या. आमचं टूल सी भाषेतल्या कोडचं एक अवाढव्य तार्किक सूत्र बनवतं आणि सॉल्व्हरला, म्हणजे अशी सूत्रं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारतं, नियम मोडेल अशी इनपुटची एखादी तरी किंमत आहे का? असेल तर ती किंमतच समोर ठेवतं.

भोसरीच्या एका कंपनीने शेतीपंपाच्या कंट्रोलरचं कोड तपासायला दिलं होतं. मोटर सुरू झाल्यावर तीस सेकंदांत पाणी आलं नाही तर ती बंद व्हायला हवी, नाहीतर कोरडी चालून वाइंडिंग जळतं. टूलने महिन्यापूर्वीच निर्वाळा दिला होता: व्हेरिफिकेशन सक्सेसफुल.

त्या दिवशी त्यांचे इंजिनिअर सही झालेले कागद न्यायला आले. भर पावसात आले होते, म्हणून चहा मागवला. बोलता बोलता म्हणाले, "मॅडम, नव्या मॉडेलला बॅटरी दिलीय. लाइट गेली तरी कंट्रोलर चालूच राहतो."

माझा कप हातातच राहिला. टूलच्या इनपुटमध्ये एक ओळ मीच लिहिली होती: घड्याळ चोवीस तासांच्या पुढे जात नाही. त्यांनीच तसं सांगितलं होतं, आणि तेव्हा ते खरंही होतं. शेतावर लाइट रोज जायची, कंट्रोलर रोज शून्यापासून मोजायचा. त्या ओळीने टूलच्या खोट्या सूचनाही, म्हणजे नसलेल्या चुका दाखवणं, बऱ्याच कमी झाल्या होत्या.

ती ओळ काढली आणि टूल पुन्हा चालवलं. चहा निवायच्या आत उत्तर आलं: फेल्ड.

घड्याळ मिलिसेकंद मोजतं, बत्तीस बिटांत. ४,२९,४९,६७,२९५ नंतर पुन्हा शून्य, म्हणजे साधारण ४९ दिवस १७ तासांनी. टूलने दाखवलं ते असं: मोटर ४,२९,४९,३७,००० ला सुरू झाली, तर मुदत ४,२९,४९,६७,०००. कोड दर सेकंदाला बघतं, 'आता' मुदतीपेक्षा मोठं झालं का? तिसाव्या सेकंदाला दोन्ही आकडे समान, म्हणून नाही. पुढच्या सेकंदाला घड्याळात ७०४. ते मुदतीहून मोठं व्हायला आणखी ४९ दिवस हवेत. तोवर विहीर कोरडी असली तरी मोटर चालूच.

"४९ दिवसांत जेमतेम एक सेकंद अडचणीचा," ते म्हणाले. "कुठे सापडणार?"

"एका पंपाला नाही सापडणार. तुम्ही किती विकणार आहात?"

ते गप्प झाले. मी त्यांना बोइंग ७८७ चं सांगितलं. सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर काउंटर ओसंडून जनरेटरची कंट्रोल युनिटं बंद पडू शकत होती, म्हणून २०१५ साली अमेरिकेच्या विमान नियामकाला आदेश काढावा लागला होता. दिवसभराच्या टेस्टिंगमध्ये असलं काही दिसत नाही, आणि याच कारणासाठी मला हे काम मनापासून आवडतं.

दुरुस्ती एका ओळीची. मुदत साठवायची नाही, 'आता'मधून 'सुरुवात' वजा करायची. बिनचिन्ही वजाबाकीत, म्हणजे जिथे ऋण आकडे नसतात आणि शून्याखाली गेलं की मोजणी वरच्या टोकाकडून चालू राहते, घड्याळ उलटलं तरी ७०४ मधून ती सुरुवात वजा जाऊन बरोबर ३१,००० येतात. या वेळी चोवीस तासांची मर्यादा न घालता कोड टूलमधून पास झालं.

त्यांनी तिथूनच फोन लावला, "तो लॉट आज पाठवू नका." मग सही झालेले कागद बाजूला सारून आम्ही माझी बाकीची गृहीतकं एकेक करून वाचायला बसलो. चौथ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हेही बदललंय, मॅडम."