इन्व्हर्टर, पीएचडी आणि लॅबमधल्या आम्ही

पीएचडी करावी का, असं विचारणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या, घरी लहान मूल असलेल्या. प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा माझं कसं पार पडलं ते एकदा नीट लिहिते.

माझा विषय पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरमधला एखादा सेन्सर बंद पडला, तरी मोटर न थांबता कशी चालू ठेवायची, यावर माझं काम होतं. हा इन्व्हर्टर म्हणजे डीसी विजेची एसी करून मोटरला हवी तशी देणारं सर्किट. इलेक्ट्रिक स्कूटर, लिफ्ट, कारखान्यातले पंप, सगळीकडे तो असतो. काही वर्षं खासगी कॉलेजात शिकवून, मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर मी पुण्यात पूर्णवेळ पीएचडीला प्रवेश घेतला. प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क हे रीतसर झालं. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. कस लागतो तो लॅबमध्ये.

आमच्या लॅबमध्ये डीसी बस, म्हणजे इन्व्हर्टरला डीसी वीज देणारी मुख्य लाइन, साधारण ५६० व्होल्टवर चालते. सप्लाय बंद केला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून मीटरवर आकडा खाली आल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. त्या वेळी तिथे आम्ही मोजक्याच बायका होतो: पीएचडीच्या काही जणी, एमटेकच्या दोघी, पीएचडीनंतरचं संशोधन करणाऱ्या एक पोस्टडॉक ताई आणि आमच्या लॅब असिस्टंट ताई.

एमटेकच्या एका मुलीचं आयजीबीटी मॉड्यूल, म्हणजे इन्व्हर्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा संच, उडालं, तिथून पुढचं सगळं सुरू झालं. मुलगी नांदेडची, हुशार, कामाला वाघ. इन्व्हर्टरच्या एका लेगमध्ये, म्हणजे मोटरच्या एका तारेला वीज देणाऱ्या भागात, वर-खाली दोन स्विच असतात. ते क्षणभर जरी एकदम चालू राहिले तरी सरळ शॉर्ट होतं. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू करण्याआधी थोडा वेळ सोडतात, त्याला डेड टाइम म्हणतात. तो कमी पडला. मोठा आवाज झाला, जळका वास सुटला आणि कॉरिडॉरमधून माणसं धावत आली. हार्डवेअरवर काम करणाऱ्या प्रत्येकाचं मॉड्यूल कधी ना कधी उडतं. मुलांचं उडालं की नवीन मागवतात. तिला मात्र पुढच्या प्रोग्रेस सेमिनारमध्ये समितीतल्या एका सदस्यांनी सल्ला दिला की सिम्युलेशनवर, म्हणजे फक्त कॉम्प्युटरवर सर्किट चालवून, थीसिस कर, मुलींना ते सोपं जातं. ती विषय बदलायचा अर्ज लिहायला बसली.

पोस्टडॉक ताईंनी तो अर्ज तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, शनिवारपर्यंत थांब. त्या शनिवारी दुपारी डबे खाऊन झाल्यावर आम्ही सगळ्या लॅबच्या बाहेरच्या खोलीत बसलो. प्रत्येकीने एक बाई घेऊन यायची, असं ठरलं: वाचलेली, ऐकलेली किंवा घरातली. अट ताईंनीच घातली. ती किती मोठी होती ते नको, तिने जमवलं कसं ते सांगा. पोरं कोण सांभाळत होतं, पैसे कुठून आले, नाही म्हटल्यावर तिने काय केलं. मला वाटतं या अटीमुळेच त्या गप्पा भाषणं झाल्या नाहीत.

पहिल्याच वेळी एडिथ क्लार्क आली आणि आम्ही सगळ्या हललो. मोटर कंट्रोलचा कोड लिहिणारा प्रत्येक जण रोज क्लार्क ट्रान्सफॉर्म वापरतो. तीन फेजचे, म्हणजे मोटरच्या तीन तारांमधले, करंट अल्फा आणि बीटा अशा दोन अक्षांवर आणायचे, मग पुढचं गणित सोपं होतं. स्कूटरच्या कंट्रोलरमध्ये हे गणित सेकंदाला हजारो वेळा होतं. पुस्तकात फक्त आडनाव असतं, म्हणून हे एका बाईचं काम आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. तिचा जन्म १८८३चा, अमेरिकेतल्या मेरीलँडमधला. लहानपणीच आईवडील गेले. वारशाचे पैसे आले ते तिने शिक्षणाला लावले. १९१९मध्ये एमआयटीमधून इलेक्ट्रिकलची मास्टर्स घेणारी ती पहिली स्त्री. आणि एवढं करून तिला इंजिनिअर म्हणून कुणी घेईना. जनरल इलेक्ट्रिकने घेतलं ते हाताने आकडेमोड करणाऱ्या मुलींवर देखरेख ठेवायला.

नांदेडच्या मुलीने तिथेच थांबवलं. म्हणाली, म्हणजे तेव्हाही गणित बायकांनी करायचं आणि मशीन पुरुषांनी हाताळायची? आता आम्हाला सिम्युलेशन देतात, तेच ना हे?

तेच. शंभर वर्षांत कामाचं नाव बदललं, वाटणी तशीच राहिली. क्लार्कने त्या नोकरीत असताना लांब पल्ल्याच्या ट्रान्समिशन लाइनची समीकरणं झटपट सोडवणारा कॅल्क्युलेटर तयार केला, १९२१मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आणि त्याच वर्षी नोकरी सोडून तुर्कस्तानात कॉन्स्टँटिनोपलला फिजिक्स शिकवायला निघून गेली. १९२२मध्ये परतली तेव्हा त्याच कंपनीने तिला इंजिनिअर म्हणून घेतलं. पुढे १९४७मध्ये, वयाच्या ६४व्या वर्षी, ती टेक्सास विद्यापीठात इलेक्ट्रिकलची प्राध्यापक झाली.

यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. एकीचं म्हणणं, कमी दर्जाचं काम घ्यायलाच नको होतं. दुसरी म्हणाली, घेतलं म्हणून तर आत शिरता आलं. माझं मत आजही हेच आहे की घ्यावं, पण त्या खुर्चीत बसून आपल्या नावावर काहीतरी तयार करावं आणि सोडून जायची तयारी ठेवावी. क्लार्ककडे हे दोन्ही होतं.

मी कमला सोहोनी घेऊन गेले होते. त्या बायोकेमिस्ट्रीच्या, पण प्रश्न लॅबच्या दाराचाच होता. १९३३मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, ठाण मांडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष त्यांची विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही, आणि त्यांच्यामुळे इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्यांनी अटी मान्य केल्या, काम करून दाखवलं आणि त्यानंतर तिथे मुलींना दार उघडलं. १९३९मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. असल्या अपमानकारक अटी मान्य कराव्यात का, हे त्या दिवशी ठरलं नाही. मला अजूनही त्या अटी वाचल्या की राग येतो.

ए. ललितांची गोष्ट सांगितली ती दोन वर्षांच्या मुलाला आईकडे ठेवून आलेल्या मैत्रिणीने. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची मुलगी. मेडिकलला अवेळी धावावं लागेल, बाळाला वेळ देता येणार नाही, म्हणून त्यांनी इंजिनिअरिंग निवडलं. वडील मद्रासच्या गिंडी कॉलेजात इलेक्ट्रिकलचेच प्राध्यापक. त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला. त्या हॉस्टेलवर राहिल्या, मुलीला नातलगांनी सांभाळलं. देशातल्या पहिल्या स्त्री इलेक्ट्रिकल इंजिनिअर त्या झाल्या आणि पुढे भाक्रा नांगल धरणाच्या विजेच्या कामातही त्यांचा वाटा होता. सांगताना मैत्रिणीचा आवाज भरून आला. मुलाला सोडून येते म्हणून तिच्या मनाला लागून राहिलं होतं, आणि जिने हेच केलं अशी एक बाई तिला त्या दिवशी भेटली.

मला सर्वांत जवळच्या वाटल्या शकुंतला भगत. आपल्या मुंबईच्या, १९५३च्या व्हीजेटीआयच्या सिव्हिल पदवीधर. आयआयटी मुंबईत शिकवायच्या आणि तिथल्या हेवी स्ट्रक्चर्स लॅबोरेटरीच्या प्रमुख होत्या. म्हणजे मोठमोठ्या गर्डरवर भार टाकून बघायचं काम, टेबलावरचं नव्हे. नंतर पती अनिरुद्ध यांच्यासोबत क्वाड्रिकॉन कंपनी काढली. ठरावीक मापाचे सुटे भाग जोडून पूल उभा करायची त्यांची पद्धत. १९७२मध्ये हिमाचलातल्या स्पितीत पहिला छोटा पूल झाला, मग काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत ६९ पूल. डोंगरात अवजड सामान नेता येत नाही तिथे हे भाग नेता येतात, हे त्यातलं मर्म.

पण शकुंतलाबाईंचे वडील एस. बी. जोशी हे स्वतः नावाजलेले पूल-अभियंते. तेव्हा एमटेकच्या दुसऱ्या मुलीने सरळ विचारलं, ललितांचे वडील प्राध्यापक, यांचे वडील इंजिनिअर, मग ज्यांचे वडील शेतात राबतात त्यांनी कुणाकडे बघायचं? प्रश्न रास्त होता. कुणालाच लगेच काही सुचेना.

बोलल्या त्या लॅब असिस्टंट ताई. त्यांनी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला, वर्गात एकट्याच मुलगी. त्यांना या कामाची गोडी लागली ती आत्यामुळे. आत्या बार्शीकडे मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवायची. शेतकरी जळालेला पंप घेऊन यायचे. आत्या जुनी वाइंडिंग काढताना वेढे मोजायची, तारेचा गेज मोजायची आणि कुठे जळालंय ते वहीत लिहायची. ते लिहून झाल्याशिवाय नवी तार हातात घ्यायची नाही. ताई म्हणाल्या, "जळालेली मोटर फेकायची नसते गं. ती का जळाली ते तिच्यातच लिहिलेलं असतं. तुझं मॉड्यूल अजून माझ्या कपाटात आहे."

सोमवारी नांदेडची मुलगी आणि ताई ते मॉड्यूल घेऊन बसल्या. मीही होते. कोणता लेग गेला ते मल्टिमीटरने तपासलं. मग नव्या मॉड्यूलवर बस व्होल्टेज अगदी ३० व्होल्ट ठेवून, सप्लायला करंट लिमिट लावून, वरच्या-खालच्या दोन्ही स्विचना चालू-बंद करणारे गेट सिग्नल ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एकत्र पाहिले. हे सिग्नल देणारं सर्किट, म्हणजे गेट ड्रायव्हर, स्विच बंद करायला गृहीत धरल्यापेक्षा जास्त वेळ घेत होतं. कोडमध्ये डेड टाइम एक मायक्रोसेकंद होता, तो तीनवर नेला. मग व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं. सगळं तारीख घालून वहीत गेलं, स्कोपचे फोटोही चिकटवले. तिच्या थीसिसमध्ये यावर एक पूर्ण प्रकरण झालं. विषय बदलायचा अर्ज कधी गेलाच नाही.

त्यानंतर शनिवार सुरूच राहिले, आणि माझी पीएचडी निघाली ती खरं तर त्यातून मिळालेल्या बारीकसारीक सल्ल्यांवर. रात्री उशिरा टेस्टिंग असेल तर लॅबमध्ये दोघींनी थांबायचं, आणि हॉस्टेलच्या गेटसाठी गाइडच्या सहीचं पत्र आधीच काढून ठेवायचं. फिरत्या शाफ्टजवळ ओढणी, बांगड्या, लांब मंगळसूत्र नको. घरी यावरून कुरबुर होत असेल तर एकदा घरच्यांना लॅब दाखवायला आणायचं. माझ्या सासूबाई आल्या, मोटर फिरताना पाहिली आणि त्यांनीच मला मंगळसूत्र ठेवायला छोटी डबी दिली.

सर्वांत उपयोगी पडलं ते रजेबद्दलचं. मुलगी पहिलीत गेली त्याच सुमारास सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिला बघणारं कुणी उरलं नाही. मी सोडायच्या विचारात होते. एका सीनिअरने यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम छापून आणले. स्त्रियांना कमाल मुदतीवर दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते आणि पीएचडीच्या पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. तिने बजावलं, तोंडी विचारू नकोस. अर्ज लिही, नियमाची प्रत जोड, आवक क्रमांक घे. मी तसंच केलं आणि रजा मिळाली. ही रजा पूर्ण काळात मिळून तेवढीच आहे, तेव्हा लहानसहान कारणासाठी वापरून टाकू नका.

पेपर रिजेक्ट झाले, गाइडशी मतभेद झाले, सिनॉप्सिसची तारीख पुढे गेली. ते सगळ्यांचंच होतं. व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हार्डवेअर बघायचं म्हटलं. लॅबमध्ये मोटर पूर्ण लोडवर चालू केली आणि त्यांना सांगितलं, करंट सेन्सरची वायर तुम्हीच काढा. त्यांनी काढली. स्क्रीनवर एक छोटा झटका दिसला, मोटर चालू राहिली. लॅब असिस्टंट ताई मागे उभ्या होत्या, त्यांनी पटकन माझा हात दाबला.

आता मी पुन्हा शिकवते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये अजूनही मुलींकडे रिपोर्ट आणि पीपीटी जातं, सोल्डरिंग आणि टेस्टिंग मुलांकडे. मी माझ्या ग्रुपना सुरुवातीलाच सांगते की परीक्षेच्या दिवशी बोर्ड कोण चालू करणार ते मी चिठ्ठी काढून ठरवणार, त्यामुळे चौघांनाही ते आलं पाहिजे. यंदा चिठ्ठी जिच्या नावाची निघाली तिने सप्लाय लावण्याआधी मीटरने कपॅसिटर तपासला, माझ्याकडे न बघता.