गाठीत गेलेली घोडागाडी

स्कार्फ म्हटलं की पुण्याच्या माणसाला आधी दुचाकी आठवते आणि मग डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळणारं ते सुती फडकं. त्यामुळे निव्वळ शोभेसाठी गळ्यात बांधायचा आणि वर ज्याच्यावर अख्खा इतिहास छापलाय, असा रेशमी रुमाल आपल्याला जरा चैनीचाच वाटतो. मला मात्र त्यातला विक्षिप्तपणा आवडतो. कुणीतरी खपून ९० सेंटिमीटरच्या चौरसात एक चित्र रचतो, ते उत्तम रेशमावर उतरतं, आणि विकत घेणारी बाई पहिल्या दिवशीच ते तिरकं दुमडून गळ्याभोवती आवळून टाकते.

पॅरिसच्या एर्मेस या पेढीचा पहिला असा रुमाल १९३७चा. ही पेढी १८३७पासून घोड्यांचं सामान बनवणारी. रोबेर द्यूमा यांनी एका जुन्या बैठ्या खेळावरून चित्र बेतलं: मधोमध खेळ मांडून बसलेली मंडळी, भोवती पॅरिसच्या घोडाबसगाड्यांची रिंगणं. आता हा रुमाल बांधला की खेळणारी मंडळी जातात घडीत. एखादं चाक हनुवटीखाली दिसतं आणि घोडा जातो गाठीत. पुढे १९५७ साली उगो ग्रिगकार यांनी शोभिवंत लगामांचा रुमाल केला, तो आजही निघतो. रस्त्यावरून घोडा कधीच गेला, लगाम तेवढा गळ्यात राहिला!

छपाई फ्रान्समधल्या लिऑं शहराजवळ होते. रंग ज्यातून रेशमावर उतरतो ती जाळी प्रत्येक रंगाला वेगळी, आणि रंग कधी कधी तीस-चाळीस. एक जाळी केसभर सरकली तरी घोड्याचा डोळा कपाळावर जायचा. कडा हाताने गुंडाळून शिवतात आणि तीही गुंडाळी सुलट्या अंगाला, म्हणजे चित्राला जणू बारीक फुगीर चौकटच.

माझ्या मते रुमालाचा खरा चित्रकार ओळखावा तो कोपऱ्यांवरून. मधलं चित्र कुणीही भव्य काढेल. पण बांधल्यावर लोकांना दिसायचे ते कोपरे आणि काठ. ज्याने ऐवज तिथे ठेवला त्याला माणसाची मान कळली. संग्रहालयातलं एखादं चित्र उचलून जसंच्या तसं छापलेले रुमाल मला म्हणूनच आवडत नाहीत. बांधल्यावर राजाचा नुसता कान उरतो. पैठणी विणणाऱ्याला हे केव्हाच ठाऊक होतं. मोर पदरावर, कारण नेसणारीला तो दिसत नसला तरी मागून येणाऱ्या सगळ्यांना दिसतो.

या धंद्यातला माझा आवडता माणूस म्हणजे कर्मिट ऑलिव्हर. टेक्सासातल्या वेको गावी पोस्टात रात्रपाळीला टपालाची वर्गवारी करायचा आणि एर्मेससाठी रुमाल काढायचा. टेक्सासचे पशुपक्षी, तिथली झाडंझुडपं, मूळ अमेरिकी लोक, सगळं त्याने त्या चौरसात बसवलं. पाकिटं खणांत टाकता टाकता त्याच्या डोक्यात कुठला कोपरा घोळत असेल, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

प्राग सोडून लंडनला आलेल्या झीका आशर या कापडवाल्याने १९४०च्या दशकात थेट चित्रकार मातीस आणि शिल्पकार हेन्री मूर यांच्याकडून रुमालांची चित्रं करून घेतली आणि १९४७ला ती लंडनच्या दालनात चौकटीत घालून भिंतीवर टांगली. म्हणजे दुमडायचा प्रश्नच मिटला.

पण सगळ्यात कामाचं रेशीम तेव्हा सुंदर दिसण्यासाठी नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना शत्रूच्या मुलखातून निसटण्यासाठी रेशमावर छापलेले नकाशे देत. झडती घेताना कागद कुरकुरतो, रेशीम चूपचाप अस्तरात बसतं. शाई पसरू नये म्हणून तिच्यात पेक्टिन घातलं, तेच ते जॅम घट्ट करणारं! युद्ध संपल्यावर उरलेल्या नकाशांचे कपडे शिवले गेले. टंचाईच त्या काळी तशी होती. युरोपच्या सरहद्दी अंगावर घालून बायका बाजारात गेल्या असतील.

माझ्या एका मैत्रिणीला परदेशातल्या भाचीने असाच एक भारी रुमाल पाठवला. तिने तो गळ्यात बांधून पाहिला, आरशात पाहिलं, चित्राचा तुकडाच दिसतोय म्हणून वैतागली आणि काच लावून दिवाणखान्यात टांगला. गळ्यासाठी मग तुळशीबागेतून एक साधा घेतला. त्यावर काहीच नाही, नुसते ठिपके. कसाही दुमडा, सगळीकडून सारखाच.