वजनाचा रकाना आणि दिवाणजी

आज सकाळपासून पंचवटीत, मार्केट यार्डाजवळच्या एका गाळ्यावर होतो. कांद्याच्या हिशोबपट्टीचा प्रोग्रॅम मीच बसवलाय. वजनाच्या रकान्यात अक्षरं टाईपच होऊ नयेत, एवढंच काम. मागे आकडे सोडून सगळंच अडवलं, तर बॅकस्पेससुद्धा चालेना! (की-प्रेस, म्हणजे कळ दाबल्याची प्रोग्रॅमला मिळणारी वर्दी; तिच्या लेखी तोही एक कॅरेक्टरच, क्रमांक ८.) ते निस्तरलं, दशांशाचा टिंब एकदाच घेईल असंही केलं आणि खूश झालो.

आज दिवाणजींनी शेतकऱ्याचं नाव मराठीत टाकलं, कीबोर्ड तसाच ठेवला आणि वजन लिहिलं ४२.५०. रकान्याने मुकाट घेतलं. सेव्ह करताच प्रोग्रॅम आडवा. "अहो, आकडाच लिहिलाय ना मी?" खरंच होतं त्यांचं. हा प्रोग्रॅम ज्यात लिहिलाय त्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटचं इजडिजिट, म्हणजे 'हा अंक आहे का' तपासणारं फंक्शन, देवनागरी अंकांनाही अंकच मानतं. पण त्यांची संख्या करणारं पार्स मात्र इंग्रजी अंकांशिवाय कुणाला ओळखत नाही. एकाच घरातले दोघे, आणि बोलाचाली बंद!

मराठी अंक सरळ अडवता आले असते. पण नाशकात बसून तसं करायचं जिवावर आलं. युनिकोडात, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ० ते ९ ओळीनेच बसलेत, त्यामुळे साध्या वजाबाकीने बदलून घेतले.

तेवढ्यात दिवाणजींनी राईट-क्लिक करून "४० गोणी" पेस्ट केलं. तिथे की-प्रेस होतच नाही. मग व्हॅलिडेटिंगमध्ये, म्हणजे रकाना सोडतानाच्या तपासणीत, पुन्हा चाळणी लावली. तोवर तिसरा चहा आला होता.