सात नंबरच्या बाईची वेणी

मी नर्सिंगच्या मुलींना मेंटल हेल्थ शिकवते. मनोरुग्णालयातली पोस्टिंग संपली की विषय संपला, असं त्यांना वाटतं. म्हणून मी त्यांना मुद्दाम मेडिसिन वॉर्डात, कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटकडे नेते. तिथं कामात त्या चोख असतात. अॅट्रोपिन या उताऱ्याचा चार्ट, डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी ८० च्या वर आहे का, छातीत खरखर आहे का. पहिले चार दिवस श्वासाचे स्नायू दगा देऊ शकतात, म्हणून उशीवरून मान उचलायला लावतात. पण ‘का प्यायलात?’ हे फायलीत कुठंच नसतं. डॉक्टर सायकियाट्रीचा, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञानं बघावं असा, रेफरन्स लिहितात आणि कोणी बघायच्या आत सुट्टी देऊन टाकतात. याचा मला संताप येतो.

त्या दिवशी सात नंबरच्या बाईला सुट्टी मिळणार होती. तिच्याकडे मी तिसऱ्या वर्षाची एक अबोल मुलगी दिली. समोर बसा, नजरेला नजर द्या, असं मीच शिकवलेलं. माझ्या चेकलिस्टमध्ये नजरेला २ गुण आहेत.

विष केसांत राहून कातडीतूनही अंगात भिनतं, म्हणून भरती करताना बाईचे केस साबणानं धुतले होते. त्यानंतर त्यांना कोणी हात लावला नव्हता. मुलीनं शेजारच्या खाटेवरून फणी मागून घेतली, बाईच्या पाठीमागं बसली आणि गुंता सोडवू लागली. मी ट्रॉलीपाशी उभी राहून चिडले होते. चेहरा दिसणार कसा हिला? दहा मिनिटं कोणीच बोललं नाही.

मग तिनं विचारलं, “ताई, अजून जीव द्यावासा वाटतो का?”

विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, हे मी दर बॅचला सांगते. तरी मुली विचारतात, “तसं काही मनात नाही ना?” त्या ‘ना’नं पेशंटचं तोंडच बंद होतं. हिनं ‘ना’ लावला नाही.

बाई म्हणाली, “बाटली घरीच हाय अजून. कोठीमागं.”

फणी थांबली, पुन्हा चालू झाली. “हे मला मॅडमना आणि डॉक्टरांना सांगावं लागेल, ताई. तुमच्यासमोरच सांगते.”

“मला पकडतील का?”

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ मुलीला येत होतं. असा प्रयत्न करणारं माणूस मोठ्या ताणाखाली होतं असंच कायदा धरून चालतो, शिक्षा करत नाही. तिनं ते साध्या शब्दांत सांगितलं.

सुट्टी थांबली. मानसोपचारतज्ज्ञ दुपारीच आले. बाईला विचारून तिच्या भावाला फोन केला; त्यानं घरी जाऊन बाटली काढून नेली.

संध्याकाळी मुलीचं प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे पेशंटशी झालेल्या बोलण्याची लेखी नोंद, हातात आलं. जेमतेम अर्धं पान. ‘वापरलेलं तंत्र’ या रकान्यात तिनं लिहिलंय, “विंचरत राहिले.” नजरेचे २ गुण मी अजून भरलेले नाहीत.